नवसाच्या पऱ्हाट्या

"बोंडं मोज रे जगू, बोंडं मोज. पाय नको हालवू, डोये हालव."

जगदेवच्या कानातला हा सगळ्यांत जुना आवाज. आई कमरेला ओटी बांधून कापूस वेचायची, आणि सहा वर्षांचं पोर विहिरीकडं पळू नये म्हणून त्याला एका पऱ्हाटीपुढं बसवून जायची. वीसच्या पुढचे आकडे त्याला येत नसत. वीस झाले की तो पुन्हा एकपासून धरायचा. दोन ओळींपलीकडून, फुटलेल्या कापसाच्या आडून ती विचारायची, "किती झाले?"

"लय!"

"लय म्हंजे किती रे? लय तं आभाळबी हाय."

पुढल्याच वर्षी मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं खोकत होती, आणि खोकणारं घर एकाएकी गप्प झालं की शेजारच्यांना कळायचं. जगदेवचे वडील सोमवारी गेले, आई गुरुवारी. मंगरूळपीरहून रामरावकाका बैलगाडी घेऊन आले आणि पोराला घेऊन गेले. काकांनी त्याला पोटभर घातलं, शाळेत घातलं, हात कधी उगारला नाही. पण गेलेल्याचं नाव काढलं की पोराचं मन मोडतं, असा त्यांचा समज होता. त्यामुळं त्या घरात आईचा विषय कधी निघाला नाही. तेरा वर्षांत जगदेवनं 'माय' हा शब्द कोणापुढं मोठ्यानं उच्चारला नव्हता. कपड्याची घडी पेटीच्या तळाशी राहावी तसा तो राहिला होता.

आता एकतीस साल होतं. जगदेव वीस वर्षांचा, नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारा. त्याचे प्रोफेसर मोजकं बोलत. एकदा वर्ग सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवलं.

"पुस्तकातली उत्तरं मला पाठ आहेत. मला ठाऊक नसलेलं एखादं घेऊन या. एक हंगाम तुमचा. मदतीला कोणी नाही, पाहायलाही कोणी नाही. चुकलात तर चूक तुमची, बरोबर ठरलात तर तेही तुमचंच."

जगदेवनं प्रश्न निवडला तो त्याच्या ओळखीच्या रानातला. पऱ्हाटीची पाती, म्हणजे कळ्या, आणि बोंडं पोखरणारी ठिपक्यांची अळी भेंडीवरही येते, किंबहुना भेंडी तिला जास्त आवडते. मग कापसाच्या कडेनं भेंडीची एक ओळ लावली, तर अळी तिकडं ओढली जाऊन शेजारचा कापूस वाचेल का? प्रोफेसर म्हणाले, पौषात कॉलेजच्या मंडळात निबंध वाचा, शेतकी खात्याचे साहेब ऐकायला येतील. निबंध टिकला तर पुढच्या शिक्षणाला मी तुम्हाला माझ्या हाताखाली ठेवून घेईन. आणि नाही टिकला तर? ते जगदेवला ठाऊक होतं. मंगरूळच्या कचेरीत रामरावकाकांनी उमेदवारीची एक खुर्ची बोलून ठेवली होती. काकांच्या प्रत्येक पत्रात तिचा उल्लेख असे, आणि पत्रात दुसरं काही नसे.

शिरपूरहून कोसभरावर काकांच्या ओळखीच्या नानाजींचं शेत होतं. जगदेव तिथं जेठात येऊन राहिला.

"म्हंजे अळीले पंगत मांडाची म्हन," नानाजी मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "भेंडी वाढाची, अन् पराटीवर येऊ नको म्हनाचं. तिनं आयकलं नाई तं?"

"तेच पाहायचं आहे."

"अन् आयकलं तं? आहेरबी करशीन का तिले?"

पण त्यांनी उगवतीच्या धुऱ्याला, शेताच्या बांधालगत, भेंडीची ओळ लावू दिली, राहायला कुडाची खोपी दिली, आणि शेतावरच विहिरीजवळ राहणाऱ्या चतुराबाईला याची भाकर टाकायला सांगितलं.

चतुराबाई पन्नाशीकडं झुकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नानाजींच्या शेतात निंदण-वेचणीवर तिचं पोट. एकच लेक, तीही रिसोडकडं दिलेली. जावयाची चार एकर पऱ्हाटी होती, तीत लेक अडकलेली, त्यामुळं दोन दिवाळ्या माहेरी आली नव्हती. चतुराबाई टोपल्यात भाकर, चून आणि कांदा आणून खोपीच्या दारात ठेवायची आणि उभी राहायची. जगदेव 'ठेवा' म्हणायचा. ती ठेवायची आणि जायची. पहिले दोन महिने त्या दोघांत एवढंच बोलणं.

बाकी त्याच्याशी बोलणार कोण? बायका वेचायला-निंदायला येत त्या त्याला 'अळीवाला मास्तर' म्हणत. त्यांतली रंगूबाई तोंडाची फटकळ. तो भिंग घेऊन पानापुढं उकिडवा बसला की ती हमखास थांबायची.

"मास्तर, आमच्या सासूले एक डाव याच्यातून पाहा ना. मानसात मोडते का किड्यात, तेवढं सांगा."

बायका हसत. जगदेवही हसायला तोंड उघडे, तोवर त्या दोन ओळी पुढं गेलेल्या असत. मग रान आणि तो. दिवसभरात त्याच्या तोंडून जो शब्द निघे तो आकडाच असे. संध्याकाळी चूल पेटवावी तर भाकर आलेली, कोणाला हाक मारावी तर नाव सुचत नसे. कधीकधी तो मोजलेलाच आकडा पुन्हा मोठ्यानं म्हणायचा, केवळ आवाज ऐकू यावा म्हणून.

भादव्यात पऱ्हाटीला पाती धरू लागली तेव्हा त्यानं मोजायची झाडं ठरवली. भेंडीच्या ओळीलगतची तीस, आणि तिथून चाळीस पावलं दूर तीस. दोन्हींना वेगळी खूण हवी. वाशीमच्या बाजारात त्यानं दोन रंगांचा दोरा मागितला. दुकानदाराकडं शिवणाचा पांढरा दोरा होता, रंगीत संपला होता. मग त्यानं पूजेच्या सामानातली लाल नाड्याची लडी काढून दिली. जगदेवला रंगाशी मतलब. भेंडीजवळच्या तीस झाडांना त्यानं लाल नाडा बांधला, दूरच्या तीस झाडांना पांढरा दोरा.

शेवटचा नाडा बांधत होता तेव्हा मागं कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. चतुराबाई होती. डोक्यावरचं टोपलं तिनं खाली ठेवलं नव्हतं.

"कोनासाठी बांदले रे बापू?"

जगदेवनं नाड्याची गाठ सोडली नाही. पंगत, भेंडी, अळी हे सगळं त्यानं नानाजींना चारदा सांगितलं होतं आणि चारदा ते हसले होते. पुन्हा सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

"इतके नाडे मानूस सोतासाठी नाई बांदत," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "मायसाठी हाय का? दुखनाईत हाय का माय?"

मान हलवायची होती. नुसती उजवी-डावी. पण ज्या शब्दाला तेरा वर्षांत कोणी शिवलं नव्हतं तो त्या बाईनं इतक्या साधेपणानं पुढ्यात ठेवला होता, जणू माय म्हणजे कुठंतरी खाटेवर पडलेली, लेकाच्या पत्राची वाट पाहणारी एक बाईमाणूस असावी. त्यानं नाड्याची गाठ आवळली. मग म्हणाला,

"हो. माय."

चतुराबाईनं आपले दोन्ही कान धरले. "मंग बोलू नको. नवस बोलला का हलका होते."

त्या दिवसापासून टोपलं दारात ठेवून ती जाईनाशी झाली. उंबऱ्याशी बसायची. "पत्र आलं का मायचं?" विचारायची. मंगरूळहून काकांचं कार्ड आलेलं असे. जगदेव म्हणायचा, "आलं."

"काय म्हन्ते?"

"बरी आहे. थोडं उठून बसते."

"जेवते का?"

"गूळ मागते. भाकरीसंगं गुळाचा खडा लागतो तिला. दुसरं काही नको."

गुळाचा खडा खरा होता. उजव्या कानशिलावरचा तीळ खरा होता. हसताना पदर दातांत धरायची तेही खरं होतं. एकेक करून जगदेव ते चतुराबाईला देत गेला. काही त्याला स्वतःलाच सांगताना आठवलं. पाऊस उघडला की ती पायातली जोडवी काढून चिखल धुवायची, हे त्याला माहीत आहे हेच त्याला माहीत नव्हतं. एवढ्या सगळ्या खऱ्या गोष्टी. खोटी एकच, की ती आहे.

आपण वाईट करतोय हे त्याला कळत होतं. उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. पण दुपारी टोपल्याची चाहूल लागली की त्याला आईच्या तब्येतीचं पुढचं काहीतरी सुचलेलं असे. सबंध दिवसाच्या मुकेपणात तेवढी एक घटका माणसाची होती, ती त्याला सोडवेना.

पहाटे तो उठायच्या आधी धुऱ्याकडून तिचा आवाज येई. अर्धवट झोपेत ओवी कानी पडायची:

पराटीच्या दंडाला गं, लाल नाडा कोनं बांदला
मायच्या दुखन्यापायी, लेक रानामंधी नांदला

तो पांघरूण डोक्यावर ओढून घेई. ती शेण वेचायला, सरपण गोळा करायला जात असेल, असं त्याला वाटे.

सोमवारी आणि गुरुवारी मोजणी. एका झाडावर पाती किती, बोंडं किती, त्यांतली भोकं पडलेली किती. खाली गळून पडलेलीही उचलून पाहायची. वही भरत गेली, आणि जगदेवचा ऊर भरून येत गेला. दूरच्या पांढऱ्या दोऱ्याच्या झाडांवर शंभरात अठरा-एकोणीस पोखरलेली. लाल नाड्याच्या झाडांवर चार. कधी तीन. भेंडीच्या ओळीवर अळ्या होत्याच. त्याला वाटलं तसंच होतं, अगदी तसंच. लाल नाड्यांखालची जमीन तर इतकी स्वच्छ असे, गळलेलं एक पातं सापडू नये. एकदा त्यानं आनंदाच्या भरात प्रोफेसरांना पत्र लिहिलं, आणि त्यांनी उत्तरात फक्त एवढंच लिहिलं, 'मनासारखं येत असेल तर सावकाश मोजा.'

पहिला कापूस फुटला तेव्हा बायकांनी सीतादही केलं. वेचणीच्या आधी दहीभात घेऊन शेताभोवती फिरायचं, पऱ्हाटीवर शिंपायचं, शेत दह्यासारखं पांढरं होऊ दे म्हणायचं. रंगूबाई पुढं होती. चतुराबाईनं तिच्या हातातलं मडकं घेतलं आणि सगळ्यांत आधी लाल नाड्यांच्या ओळीकडं गेली.

"तिकडं कायले?" रंगूबाई ओरडली. "देवी काय भेंडी खायाले बसली का तिथं?"

चतुराबाईनं ऐकलं नाही. एकेका नाड्यावर चार शितं टाकत गेली. जगदेव धावत आला. दहीभातानं अळीला काही फरक पडेल का याचा विचार करत त्यानं वहीत तारीख टाकून नोंद केली, 'लाल झाडांवर दही शिंपडले.' सगळं नोंदवायचं, काही सोडायचं नाही, या गोष्टीचा त्याला त्या दिवशी अभिमान वाटला.

कार्तिकात चतुराबाई तापानं पडली. आठ दिवस उठली नाही. जगदेव तिच्या खोपीत किराइताचा काढा नेऊन द्यायचा, स्वतः थापलेल्या जाडजूड भाकरी पाण्यात कुस्करून चारायचा. पहिल्या दिवशी ती भाकर पाहून म्हणाली, "हे काय, गोवरी थापली का रे?" दुसऱ्या दिवसापासून तिला बोलायचंही त्राण नव्हतं. तापाच्या भरात ती तोंडातल्या तोंडात काही मोजत असे, उठायला पाहत असे. तो तिला धरून पुन्हा निजवी.

"पडून राहा, मावशी. काय काम अडलंय?"

ती डोळे मिटून घेई. त्यांच्या कडांतून पाणी येई. ताप उतरताना येतंच डोळ्याला पाणी, असं त्याला वाटलं.

त्या आठवड्याच्या गुरुवारी लाल नाड्यांवर शंभरात सतरा बोंडं पोखरलेली निघाली.

त्यानं पुन्हा मोजलं. सतराच. चार दिवस आभाळ भरून आलं होतं. दमट हवेत अळी वाढते, हे पुस्तकात आहे. पांढऱ्या दोऱ्यांवर मात्र अठराच होती, नेहमीसारखी. दमट हवा तिथं काय कोरडी होती? वहीच्या काठावर त्यानं पेन्सिलनं लिहिलं, 'ढगाळ हवा?' पुढच्या पंधरवड्यात लाल झाडांचा आकडा पुन्हा चारावर आला. चतुराबाईही हिंडूफिरू लागली होती, दुपारी उंबऱ्याशी येऊन बसू लागली होती. एका संध्याकाळी आकडे नीट उतरवून घेताना जगदेवचं लक्ष त्या प्रश्नचिन्हाकडं गेलं. एक आठवडा, सबंध हंगामातला एक. रबर घेऊन त्यानं ते खोडलं. 'ढगाळ हवा' एवढंच राहिलं.

मार्गशीर्ष संपत आला. आकड्यांच्या बेरजा झाल्या, निबंधाची शुद्ध प्रत झाली. आकडे आधीच पाठवले होते, त्यांवर प्रोफेसरांचं उत्तर आलं. 'फारच स्वच्छ आकडे आहेत. इतके स्वच्छ मी क्वचित पाहिले. आठवड्याभरात या. शेतकी खात्याला कळवले आहे.' जगदेवनं ते पत्र दिवसातून चारदा वाचलं. 'स्वच्छ' या शब्दापाशी तो दर वेळी थोडा अडखळे, पण पुढच्या ओळीत नागपूर होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चतुराबाई भेंडीच्या वाळलेल्या ओळीपाशी कापूस वेचत होती. शेतात दुसरं कोणी नव्हतं. नानाजी तालुक्याला गेले होते, बायका दुसऱ्या वावरात. जगदेव वही घेऊन तिच्याजवळ मातीत बसला.

"उद्या निघतो, मावशी."

तिचे हात थांबले. "मायकडं?"

"आधी नागपूर."

"आंधी मायकडं जाय. नागपूर कुटं पयून जाते का?" ती हसली. मग नाड्यांकडं बघून म्हणाली, "लाल नाड्यावर अळी कमीच होती नं?"

"पाचपट कमी! तुला कसं ठाऊक?"

"पाहून राह्यली नं मी." तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं, की जगदेवला वाटलं, हे सगळं सांगायला जगात एवढी एकच बाई आहे, आणि तिला अजून काही धड सांगितलेलंच नाही. त्यानं वही उघडली. भेंडीची ओळ कशासाठी लावली, लाल कुठली, पांढरी कुठली, अळी भेंडीकडं कशी ओढली जाते, सगळं सांगितलं. नानाजींना सांगताना तो अडखळायचा, आता शब्द आपसूक येत होते.

"म्हंजे भेंडीनं झालं म्हन्तं?" चतुराबाई सावकाश म्हणाली.

"भेंडीनंच. आता नागपूरला मी हे वाचून दाखवीन. शेतकी खात्याचे साहेब येणार आहेत. त्यांना पटलं की पुढच्या साली ते छापील पत्रकं काढतील, गावोगाव वाटतील. अख्ख्या वऱ्हाडात लोक भेंडीची ओळ लावतील."

"अन् मंग अळ्या वेचाले नाई लागत?"

"कशाला? भेंडीच राखण करील."

"रिसोडकडंबी देतीन हे कागद?"

"रिसोडलाही देतील. तुझ्या जावयालाही मिळेल एक."

चतुराबाईनं ओटीची गाठ सोडली. कापूस खाली मातीत सांडला तरी तिनं पाहिलं नाही. एका लाल नाड्यापाशी जाऊन ती उभी राहिली, पुन्हा फिरली, पुन्हा गेली.

"काय झालं, मावशी?"

"काई नाई." मग म्हणाली, "नाई. झालं." आणि एकदम तिथंच खाली बसली. "भेंडीनं काई नाई केलं, बापू. अळ्या म्या वेचल्या."

जगदेवला कळलं नाही.

"रोज. तू उठाच्या आंधी. भोक पडलेलं बोंड दिसलं का तोडाचं, पातं गळून पडलं का उचलाचं, ओटीत घ्याचं अन् चुलीत घालाचं. नवसाच्या झाडाले कीड लागू देत असतेत का? तू तं नुसता मोजतच राहत होता. मले वाटे, बिचाऱ्याले हात लावाले मनाई असन, नवसाचा नेम असन काई."

"फक्त लालच?"

"पांढरे कोनाचे होते मले का माईत? पांढरा दोरा कोनी नवसाले बांदत असते का रे? मले वाटलं, धुऱ्याची खून असन." तिनं डोळ्यांना पदर लावला. "तापात आठ दिस नाई झालं. पडल्या पडल्या जीव तुटे माहा. अळ्या चढल्या असतीन, चढल्या असतीन."

लाल नाड्यांखालची झाडून काढल्यासारखी जमीन जगदेवच्या डोळ्यांपुढं आली. शंभरात चार. शंभरात सतरा. आकडे सगळे खरे होते, एकही चुकला नव्हता. हंगामभर त्यानं या बाईच्या बोटांची मेहनत मोजली होती आणि तिला भेंडीचं नाव दिलं होतं.

"सांगितलं काहून नाही?" त्याचा आवाज चढला. "एकदा तरी बोलायचं होतं! चार महिने, मावशी! चार महिने मी..."

मंगरूळच्या कचेरीतली खुर्ची, काकांची कार्डं, आठवड्याभरावरचं नागपूर. निबंधाची शुद्ध प्रत खोपीत पेटीवर ठेवलेली होती, तिला त्यानं नानाजींच्या घरून आणलेल्या चांगल्या कागदाचं वेष्टन घातलं होतं. तिनं आज तोंड उघडलं नसतं तर? तर कोणालाही कळलं नसतं. त्याला नाही, साहेबांना नाही. कळलं असतं ते पुढच्या साली, रिसोडकडच्या चार एकरांत.

चतुराबाई मान खाली घालून बसली होती.

"राखनदारानं बोलू नये. माही माय सांगे. दुसऱ्याचा नवस राखाचा असन तं तोंडातून शब्द काढाचा नाई, नाई तं फळत नाई. म्या चार महिने नाई काढला. आज काढला." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "पन तू कागद वाटतो म्हन्लं. लोक भेंडीवर इस्वास ठेवून घरी बसतीन. माही लेक बसन. मंग काय करू सांग मी?"

जगदेवनं वही मांडीवर घेतली. कार्तिकाचं पान काढलं. रबरानं खोडलेल्या जागी कागद थोडा फुसफुशीत झाला होता, पेन्सिल तिथं नीट उमटत नव्हती. त्यानं दाबून लिहिलं: 'लाल ओळीतील अळ्या व पोखरलेली बोंडे रोज पहाटे हाताने काढली जात होती. काढणारी चतुराबाई. आजारपणाचे आठ दिवस सोडून.' हेच आता प्रोफेसरांपुढं ठेवायचं. त्यातून पुढं काही निघेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. लिहून झाल्यावर छातीवरचा दगड हलेल असं वाटलं होतं. तो हलला नाही.

"मायले लिहून राह्यला का?" चतुराबाईनं घाबऱ्या आवाजात विचारलं.

त्यानं मान वर केली. तिचा जीव टांगणीला लागला होता. वहीसाठी नव्हे, निबंधासाठी नव्हे. त्याच्या लक्षात आलं, ही बाई मघापासून कशाला भ्यालेली आहे.

"पत्रानं नाई होनार, बापू. तार कर. आत्ताच जाय वाशीमले. नवस मोडला म्या, आता तुया मायचं काई बरंवाईट झालं तं ते माह्या डोक्यावर. तिले जप म्हन. अन् देवीले म्हन, चुकी चतुराबाईची हाय, मायची नाई. जाय नं! बसून काहून राह्यला?"

तिनं त्याचा दंड धरून त्याला उठवायला पाहिलं. जगदेव उठला नाही. तिचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला. कापसाच्या वाळक्या बोंडांनी तिच्या बोटांवर जागोजाग ओरखडे उठले होते.

"तुया हातून काई नाई मोडलं, मावशी," तो म्हणाला. "माय नाई मले. मी सात वर्साचा होतो. मानमोडीत गेली. तेरा वर्सं झाली तिले जाऊन, अन् हे म्या आजवर कोनालेच सांगितलं नाई."